हिणकस कुणाला म्हणता?



मागच्या अंकात माझ्या हातून एक गुन्हा झाला. छपाईच्या चुका दर अंकात होतात, त्याबद्दल मी बोलत नाही. हा गुन्हा मी शुद्धीत असताना, हातात लाल पेन घेऊन केला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या एका मुलीनं कविता पाठवली होती. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, गोल अक्षर. कविता तिच्या आजीची. पावसाळ्यात या डोंगरावर इतकं कोसळतं की दरडी खाली येतात, आणि एप्रिल उजाडला की तीच म्हातारी हंडा घेऊन झऱ्यापाशी वाटीनं पाणी भरत बसते. कवितेत सहा ठिकाणी 'पानी' होतं. मी सहाही ठिकाणी 'पाणी' केलं. 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. आणि स्वतःवर खूष झालो. म्हटलं, झाली कविता शुद्ध.

अंक निघाल्यावर ती मला महाडच्या एस.टी. स्टँडवर भेटली. हातात अंक. म्हणाली, "दादा, ही कविता माझी न्हाई."

मी म्हटलं, "अगं, नाव तुझंच आहे की."

"नाव माझं हाय. पन बोलनारी दुसरीच कोनतरी हाय. आजीला वाचून दावली तर आजी म्हनाली, ही कोन बया बोलते गं? शाळंतली बाई हाय का?"

मी सारवासारव करायला लागलो. शुद्धलेखनाचे नियम, वाचक काय म्हणतील, वगैरे. तिनं मला मध्येच तोडलं. "दादा, परीक्षेच्या पेपरात मी पाणीच लिहिते. मला ण येतो. कवितेत आजी बोलते. आजीचं पानी तुम्ही कशाला बाटवलंत?"

गाडी आली, ती गेली. मी स्टँडवर तसाच उभा. 'बाटवलंत' हा शब्द कानात. महाडच्या जमिनीवर उभं राहून हा शब्द ऐकायचा, तोही आपल्याच माणसाकडून, आणि तोही बरोबर! म्हणून आजचं संपादकीय त्या शब्दावर आणि त्याच्या भाऊबंदांवर.

'परिपूर्ण' हा शब्द मी आमच्या वाडीवर कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. तो पुस्तकात राहतो. पण त्याच्या उलटे शब्द मोजायला बसा. उणा, अपुरा, अर्धवट, कच्चा, खोट, डाग, बट्टा, व्यंग, न्यून, हीण, हिणकस, फोल, पोचट, भेसळ, विटाळ, बाट, अशुद्ध, अपवित्र, भ्रष्ट, पतित, अंत्यज. एका चांगल्या शब्दामागे वीस वाईट. भाषेचं हे कोठार कुणी भरलं, आणि ते कुणाच्या अंगावर रिकामं झालं?

माझ्या मते या शब्दांच्या दोन जाती आहेत. जात हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

पहिली जात कामाच्या शब्दांची. आई म्हणते, भाकर कच्ची राहिली. गवंडी म्हणतो, भिंत ओळंब्यात नाही. शेतकरी म्हणतो, दाणा पोचट निघाला. या शब्दांत शिवी नाही. त्यांत पुढचं काम सांगितलेलं आहे. भाकर परत तव्यावर टाक. भिंत पाड आणि परत उचल. असा शब्द कानावर पडला की माणूस उठतो आणि कामाला लागतो.

दुसरी जात कुंपणाच्या शब्दांची. विटाळ. बाट. हीन. अपवित्र. अंत्यज. आता सांगा, काय केलं म्हणजे हे जातं? अंघोळ केली? शिकलो? पैसा मिळवला? कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या माणसाला १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. यापेक्षा जास्त शिकायचं ते काय? म्हणजे हा दोष सुधारायसाठी सांगितलेलाच नव्हता. जो दोष मेहनतीनं जातो तो दोष. जो काही केल्या जात नाही तो दोष नव्हे, ते कुंपण आहे. आतल्यांनी बाहेरच्यांसाठी घातलेलं.

भाताचंच घ्या. महाड-पोलादपूरच्या माणसाला भाताची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायला नको. भात पोटरीत येतं, फुलोऱ्याला येतं, आणि नेमका तेव्हा पाऊस ओढ देतो. मग लोंबी दिसायला उभी असते, पण दाणा भरत नाही. झोडणी करताना उडून जातो. आम्ही म्हणतो, पोचट. पण कुठला शेतकरी त्या दाण्याला म्हणतो की तू मागल्या जन्मी पाप केलंस? तो आभाळाकडे बघतो. त्याला ठाऊक आहे, वेळेला पाणी मिळालं नाही. 'पूर्ण' या शब्दाचा मूळ अर्थही तोच, भरलेला. भरलेला म्हणजे कशानं तरी, कुणीतरी भरलेला. आमचं पाणी आधी तोडलं, आणि मग लोंबी हातात धरून म्हणाले, बघा, ही जातच पोचट!

आता चवदार तळ्यावर या.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाची पाणवठ्याची ठिकाणं, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. महाड नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात १९ मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली तेव्हा जमलेल्या हजारो माणसांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात भरलेलं तळं, आणि पाणी विकत. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. मागोमाग सगळे प्यायले. त्यानंतर देवळात घुसणार असल्याची अफवा उठवून जेवणाच्या पंगतीत लोकांना झोडपलं, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. मला आज त्याच्या पुढची गोष्ट सांगायचीय.

तळं 'बाटलं'. मग सनातन्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं. त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र कालवलं, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतलं. तळं 'शुद्ध' झालं. आमची ओंजळ लागली की अशुद्ध, शेण पडलं की शुद्ध. १९२७ च्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात परत सत्याग्रह ठरला तर १२ डिसेंबरला दिवाणी दावा दाखल झाला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही आला.

इथं खरी गंमत आहे, नीट ऐका. रस्त्यावर हे लोक म्हणत होते, तळं बाटलं. कोर्टात गेल्यावर काय म्हणाले? म्हणाले, तळं आमच्या मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. बघितलंत? कोर्टाची पायरी चढताना विटाळ बाहेर चपलांपाशी राहिला, आत मालकी गेली. कारण विटाळाचा पुरावा देता येत नाही. तो वजनात येत नाही, मापात येत नाही, बाटलीत भरून न्यायाधीशापुढे ठेवता येत नाही. पावित्र्याचं कापड फाडलं की आतून सातबारा निघतो.

आणि मालकीचंही काय झालं? महाडच्या कोर्टात दावा फेटाळला गेला, ठाण्यात अपील फेटाळलं गेलं, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानंही तेच सांगितलं. तळं नगरपालिकेचं, अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं लागली. ज्या रूढीला हजारो वर्षांची म्हणत होते, तिचा पुरावा मागितल्यावर ती उभी राहिली नाही.

आणि खरंच घाण झालेलं पाणीही आपल्याकडे आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या सांडपाण्याबद्दल सावित्रीकाठच्या गावांची ओरड वर्षानुवर्षांची आहे. ते पाणी बाटलीत भरता येतं, तपासता येतं. त्यात काय आहे, किती आहे, कुठून आलं, सगळं सांगता येतं. तो कामाचा दोष आहे, सुधारता येणारा. त्या पाण्यासाठी १०८ घागरी घेऊन कोण आलं? म्हणजे प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा कधीच नव्हता.

या शब्दांशी लढणारा पहिला माणूसही आपल्याच मातीतला. गोपाळबाबा वलंगकर, महाड तालुक्यातल्या रावढळचे. लष्करातून निवृत्त झाले आणि लेखणी घेतली. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. नुसतं नाव बघा. विटाळ दूर व्हावा, विटाळावर दया करा, असली विनवणी त्यात नाही. विध्वंस! त्यांनी संस्था काढली तिचं नाव 'अनार्य दोष परिहारक मंडळी'. मला पूर्वी हे नाव खटकायचं. वाटायचं, बाबा, तुम्हीही आपल्यात दोष मानलात? मग ध्यानात आलं, की त्या माणसाला दोन्ही जातींचे शब्द वेगळे करता येत होते. विटाळ हे कुंपण, त्याचा विध्वंस करायचा. अज्ञान, फाटाफूट, लाचारी हे दोष, त्यांचा परिहार करायचा. एक पाडायचं, दुसरं दुरुस्त करायचं. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना ते सोसलं नाही. ज्ञान वाढलं, लेखणी आली, खुर्ची आली, तरी कुंपण तिथंच.

आणि हे कुंपण कायद्यानं घातलेलं होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवण्याचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं जुगुप्सित. म्हणजे किळस यावी असं. मूल बोललं नाही, चाललं नाही, एक घोट पाणी मागितलं नाही, त्याआधी त्याच्या कपाळावर उलटा शब्द डकवायचा. दगडू, धोंडू, केरू ही नावं मूल जगावं, वाईट नजर लागू नये म्हणून सगळ्याच जातींत ठेवत, हे मला ठाऊक आहे. आईनं भीतीनं ठेवलेलं नाव वेगळं आणि स्मृतीनं हुकमानं ठेवायला लावलेलं नाव वेगळं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, ठराव सहस्रबुद्धे नावाच्या ब्राह्मणानं मांडला, परिषदेला जागा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. त्या आगीत हा नियमही जळाला, असं मी मानतो. पण कागद जळतो, जीभ जळत नाही.

म्हणून जिभेवरचा एक शब्द जरा सोलून बघू. हीन. आम्हाला हीन म्हटलं, हीनजात म्हटलं. संस्कृतच्या पंडिताला विचारा, हा शब्द 'हा' धातूपासून येतो, त्याचा अर्थ टाकणं, सोडून देणं. हीन म्हणजे टाकलेला. टाकलेला म्हणजे कुणीतरी टाकलेला! पतित म्हणजे पडलेला, पण पाडलं कोणी? काळ जातो तसा टाकणारा पसार होतो आणि टाकलेल्याच्या अंगाला दोष चिकटून राहतो. चोर पळाला, आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच पोलीस पाटील विचारतो, तुझ्या घरात सामान कसं काय नाही रे? त्यावरूनच हिणवणं आलं. तुम्ही हीन आहात हे रोज सांगत राहायचं, ऐकणाऱ्याला खरं वाटेपर्यंत.

सोनाराकडेही हा शब्द आहे. सोन्यात मिसळलेलं तांबं-चांदी म्हणजे हीण. उलट बाजूला बावनकशी, शंभर नंबरी. पण सोनाराला विचारा, चोवीस कॅरेटच्या सोन्याची बांगडी रोज हातात घालता येते का? नाही येत. ते मऊ असतं, वाकतं, झिजतं. म्हणून दागिन्याला बावीस कॅरेट घेतात, हजारात ९१६ भाग सोनं, बाकीचं हीण. ते ८४ भाग हीण दागिना धरून ठेवतं. या देशातली गटारं, रस्ते, गिरण्या, शेतं, लष्कर कुणी धरून ठेवलं? हिणानं. आणि कस लावायला बसले बावनकशी!

आता भाषेकडे येतो, कारण माझा गुन्हा तिथला आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली. प्रश्न असे विचारले की पेशवाईचा वाडा हादरावा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत काय केलं? जोतीरावांचं व्याकरण काढलं, भाषेची टर उडवली. प्रश्नाला उत्तर नसलं की वाक्यातली चूक दाखवायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती. आजही वस्तीतला पोरगा सभेत उठून बोलला की पहिल्या रांगेतले दोघं ओठ दाबून हसतात. तो काय बोलला ते कुणी ऐकत नाही, 'आनि' म्हणाला तेवढं ऐकतात.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकलो. नाव सांगत नाही, सांगायची गरज नाही, अशा शाळा गावोगाव आहेत. चौथीत निबंध होता, 'आमचे गाव'. मी लिहिलं, आमच्या वाडीत पानी न्हाई. गुरुजींनी दोन्ही शब्दांभोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, अशुद्ध. वर्गात वाचून दाखवलं, वर्ग हसला. वाडीत पाणी नाही हे कुणाच्या कानात शिरलं नाही. पाण्याचा 'ण' गेला म्हणून सगळे कळवळले, पाणीच गेलं त्याचं कुणाला काही नाही. आणि तीस-पस्तीस वर्षांनी तेच लाल पेन माझ्या हातात, त्याच तालुक्यातल्या पोरीच्या त्याच शब्दाभोवती.

गंमत बघा. हाच 'पानी' हिंदीत शुद्ध आहे. तिथं तो पुस्तकात छापतात. आणि संस्कृतात मूळ शब्द 'पानीय', त्यात ण नाहीच. म्हणजे संस्कृतचा गज लावूनच शुद्ध-अशुद्ध मोजायचं तर अपभ्रंश कुणाचा ठरेल? मी म्हणत नाही की पानी बरोबर आणि पाणी चूक. मी एवढंच म्हणतो की इथं शुद्ध-अशुद्ध असं काही नाही, एक बोली आहे आणि एक प्रमाण ठरवलेलं आहे. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ ला लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ ला आणखी चार वाढवले. माणसांनी बसून ठरवलेले नियम, रस्त्यावर डाव्या बाजूनं चालावं तसे. सोयीचे आहेत, पाळू. पण डाव्या बाजूनं न चालणाऱ्याला आपण अपवित्र म्हणत नाही. मग लेखनालाच 'शुद्ध' का? सरळ 'प्रमाणलेखन' म्हणा, काही अभ्यासक म्हणतातही. शुद्ध हा शब्द देवळातून आणि पाणवठ्यावरून शाळेत आलाय. तळ्यावरून हाकलला तर वहीत येऊन बसला.

इथं एखादा मित्र म्हणेल, संपादक महाशय, खुद्द बाबासाहेबांनी मार्च १९२७ च्या महाडच्या भाषणात काय सांगितलं? राहणी सुधारा, उच्चार सुधारा, विचार सुधारा. मग तुम्ही पानीची वकिली कशी करता?

प्रश्न चोख आहे. मी टाळणार नाही. बाबासाहेब खोटी स्तुती करणारे नव्हते. मेलेलं ढोर ओढू नका, शिळंपाकं मागू नका, असं त्यांनी आपल्या माणसांना तोंडावर सांगितलं. पण ते कोण सांगत होतं, कुणाला, आणि पुढं काय करत होतं? सांगणारा घरचा होता. त्याच परिषदेत तो त्या माणसांना घेऊन तळ्यावर गेला. आधी उच्चार सुधारा, मग तळ्यावर नेतो, असं तो म्हणाला नाही. पानी म्हणणाऱ्या ओठांनीच ते पाणी प्यायलं. त्यांचा शब्द कामाचा होता, तो माणसाला उठवत होता. गुरुजींचा लाल गोल कुंपणाचा होता, त्यानं मला खाली बसवलं. आणि ती पोलादपूरची पोर तरी काय म्हणाली? मला ण येतो. तिनं बाबासाहेबांचं ऐकलंय. ण कमावलाय, परीक्षेत तो वापरते. पण आजीच्या तोंडात कुठला शब्द ठेवायचा ते ती ठरवते. ज्याला दोन्ही येतात आणि जो स्वतः निवडतो, त्याला उणा कोण म्हणेल?

मग आमचं स्वतःचं नाव? दलित. तेही उलट्या शब्दांतलंच. दळलेला, भरडलेला, फोडलेला. अखंडाच्या उलट. कित्येक जण म्हणतात, हे नाव टाका, ते कमीपणाचं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सल्ला दिला, दलित म्हणू नका, अनुसूचित जाती म्हणा. मी या शब्दाला धरून आहे, आणि का ते सांगतो. अस्पृश्य म्हटलं की दोष माझ्या अंगात. हरिजन म्हटलं की उपकार तुमच्या पदरात. १९३८ साली लोकल बोर्डाच्या बिलात 'हरिजन' शब्द घातला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभागृहातून उठून गेले होते, ते उगाच नाही. पण दलित म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, कुणी दळलं? दळण आहे म्हणजे जातं आहे, जातं आहे म्हणजे खुंटा धरून फिरवणारा हात आहे. हा एकच शब्द असा की ज्यात करणारा पसार होऊ शकत नाही. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली ती याच शब्दाला छातीवर लावून. ज्यांना यापेक्षा बौद्ध म्हणवून घ्यायचं आहे, त्यांनाही माझा जय भीम. नाव ज्यानं त्यानं ठरवावं, एवढंच माझं मागणं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. चांगलं झालं. जुगुप्सित नावाचा एक खिळा निघाला. पण पाटी रंगवायला एक दिवस लागतो, पाइप टाकायला बजेट लागतं. समतानगरातली बाई मे महिन्यात झऱ्यावर वाटीनं पाणी भरत असेल तर तो शब्द कुणाची थट्टा करतो? उलटा शब्द जाऊन सुलटा आला, पण दाणा भरायला शब्द पुरत नाही, पाणीच लागतं.

आज चवदार तळ्याला दगडी काठ आहेत, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा आहे. दर १९-२० मार्चला माणसांचा पूर येतो. त्या ओंजळीला शंभर वर्षं भरतात ती २० मार्च २०२७ ला. भाषणं होतील, हार पडतील. मला एवढंच वाटतं, की त्या शंभर वर्षांच्या हिशोबात एक नोंद शब्दांचीही असावी. कुठले शब्द पाडले, कुठले अजून उभे आहेत, आणि कुठले आपणच आपल्या माणसांवर फेकतो.

शेवटचं जास्त बोचतं. आपणच वाडीवरल्या पोराला 'गावंढळ' म्हणतो. शिकलेला न शिकलेल्याला 'अडाणी' म्हणतो. एक पोटजात दुसरीला उणी लेखते. घरातल्या बाईला महिन्याचे चार दिवस 'विटाळशी' म्हणून आजही बाजूला बसवणारी घरं आपल्यात आहेत, आणि त्याच घरात भिंतीवर तळ्यावरच्या सत्याग्रहाचं चित्र असतं. वलंगकरांनी ज्याचा विध्वंस मांडला ते आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसलंय. तळ्याला १०८ घागरी घालणाऱ्यांना आपण हसतो. आपल्या हातातली घागर खाली ठेवायची कधी?

मी माझी घागर खाली ठेवतोय. या अंकात ती कविता परत छापली आहे, तिनं लिहिली तशी. सहाही पानी जागच्या जागी आहेत. तिची आणि तिच्या आजीची मी इथं जाहीर माफी मागतो. इथून पुढं या अंकात येणाऱ्या मजकुरात बोली असेल तर बोली राहील. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय अक्षर बदलणार नाही. आणि ज्याला प्रमाणलेखन शिकायचंय त्याला आम्ही ते शिकवू, कारण अर्ज, परीक्षा, कोर्ट तिथं चालतं आणि ते हत्यार आपल्या हातात हवंच. चूक असेल तर चूक म्हणू, काय बदलायचं ते सांगू. 'अशुद्ध' हा शब्द या कचेरीत पुन्हा कुणाच्या कागदावर लिहिला जाणार नाही.

शिक्षक वाचकांना एक विनंती. वहीत लाल गोल करा, तुमचं कामच आहे ते. पण समासात अशुद्ध न लिहिता पुढं काय लिहायचं ते लिहा. आणि पोरानं वाडीत पानी न्हाई असं लिहिलं, तर आधी वाडीत पाणी का नाही ते विचारा. ण नंतर शिकवा.

आणि तुम्हा सगळ्यांना काम. तुमच्या वाडीत, आळीत, नाक्यावर, कामाच्या ठिकाणी कुठला उलटा शब्द कोण कुणाला म्हणतं, लिहून पाठवा. पोस्टकार्डावर पाठवा, मोबाइलवर पाठवा, चार ओळी असल्या तरी चालतील. पुढच्या अंकात छापू. शब्दासमोर दोन रकाने असतील. हा शब्द कामाचा की कुंपणाचा?

कामाचा असेल तर ऐकू, आणि स्वतःला दुरुस्त करू. कुंपणाचा असेल तर काय करायचं ते महाडनं दाखवून दिलेलं आहे.

जय भीम.

— संपादक